पास्कूच्या बुलेटची हाळी

एक गोष्ट आधीच मिटवून टाकतो. ज्या काळात वसईच्या रस्त्यांवर फॉरेनचे सायलेन्सर लावलेल्या बुलेट धडधडत फिरायच्या, त्या काळातला निदान आमच्या भागातला एकही सायलेन्सर फॉरेनचा नव्हता. ते सगळे पापडीत, मंगलोरी कौलांच्या एका शेडमध्ये, माझ्या हातानं बनलेले होते. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं. निम्मे हसले, उरलेल्यांनी ‘वामनशेट, आता आराम करा’ म्हणून खांद्यावर हात ठेवला. त्यामुळे या अंकाचे संपादक ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, पानं किती देणार? ते चार म्हणाले, मी आठ मागितली, सहावर पटलं. सहा पानांत जेवढं मावेल तेवढं सांगतो.

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा काय होता ते आधी. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो आणि प्रत्येक भडक्याचा धूर बाहेर पडताना धाडकन आवाज करतो. गाडीबरोबर येणारा सायलेन्सर म्हणजे पत्र्याचं एक लांबट पिंप. त्याच्या आत पडदे असतात, भोकं पाडलेली एक नळी असते. आवाज त्या पडद्यांवर आपटतो, वळसे घेतो, दमतो आणि बाहेर येतो तेव्हा सभ्य झालेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना हा सभ्यपणा नको असायचा. तुळिंजपासून पापडीपर्यंत कुठलाही मेकॅनिक त्यावर एकच इलाज करायचा. सायलेन्सर कापायचा, आतलं आतडं काढून फेकायचं आणि पुन्हा जोडायचा. आवाज मोठा व्हायचा, पण फाटका; नव्या कापडाचा तागा टरकवल्यासारखा. गाडीची ओढ जायची. आणि गंमत म्हणजे तो आवाज जवळच्याचे कान फोडायचा, पण दोन वाड्या पलीकडे पोचायचाही नाही.

मोठा आवाज आणि लांब जाणारा आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे मला कुणी शिकवलं नाही. मी बागायतदाराचा मुलगा. थोरल्या भावाशी पाटाच्या पाण्यावरून भांडलो, घर सोडलं, मुंबईला पत्र्याच्या एका कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकलो आणि परत येऊन शेड टाकली. गॅस तयार करायचं कार्बाइडचं एक भांडं, एक नळा, दोन हातोडे आणि डोक्यात राग, एवढं भांडवल. पत्रा किती जाड, पिंप किती लांब, नळीला भोकं किती, धूर सोडणाऱ्या शेपटाचं तोंड किती अरुंद, हे सगळं मी कानानं शिकलो. शंभरएक वेळा चुकून शिकलो.

पहिला मनासारखा सायलेन्सर बनला तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या एका गृहस्थाचा मुलगा आला. ऐकून खूश झाला. “कुठला आहे?” म्हणाला.

“इथला. मी बनवला.”

“तुम्ही बनवला? मग अर्ध्यात द्या.”

मी त्याला शेडच्या बाहेर काढला. त्याचा शब्द मात्र आत राहिला. आठवडाभर तो डोक्यात वाजत होता. मग मी तोच सायलेन्सर मुंबईला पाठवून त्याला क्रोम चढवून आणला. त्यावर इंग्रजी अक्षरं ठोकली. काय अक्षरं ते विचारू नका. माझ्याकडचा ठशांचा संच अपुरा होता, जेवढे ठसे होते तेवढे ठोकले. शेजारच्या बोटीवाल्याकडून एक परदेशी वर्तमानपत्र मागून आणलं, त्यात तो गुंडाळला आणि मांडणीवर ठेवला. तोच मुलगा आला. मी तिप्पट किंमत सांगितली. त्यानं घासाघीस न करता दिली आणि वर ते वर्तमानपत्रही मागून घेतलं.

त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो. खरं तर त्या दिवशी मी माझ्या हातानं माझं नाव पुसलं. पुढे सगळ्यांना मी ‘फॉरेनचा माल आणून देणारा वामन’ म्हणूनच माहीत झालो. व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात कारागिरांचे सत्कार झाले. खुर्च्यांना वेत विणणाऱ्याचा झाला, कुलपं दुरुस्त करणाऱ्याचा झाला. माझी ओळख करून दिली ती ‘परदेशी मालाचे जाणकार विक्रेते’ म्हणून. मी नारळ टेबलावर ठेवला आणि उठून आलो. तो नारळ अजून माझ्या डोक्यात आहे.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक आली. एकाला भावी सासुरवाडीसमोर मोठा आवाज हवा होता आणि स्वतःच्या गल्लीत शांतता, कारण वडील तापट. त्याला मी नळीत एक झडप बसवून दिली आणि तिची तार सीटखाली आणली. तार ओढली की आवाज बंद. महिन्याभरानं त्याचे वडील माझ्या दारात उभे. मी बाह्या सरसावल्या. ते हळूच म्हणाले, “ती झडप काढून टाका हो. हल्ली तो घरी कधी येतो ते मला कळतच नाही. झोप लागत नाही.”

असे किती सांगू? पण ही पानं मला एकाच माणसासाठी हवी होती.

पास्कू हा अर्नाळ्याचा कोळी. आमच्याकडे दारोदार मासळी विकणं हे बायकांचं काम. पास्कूच्या आईनं डोक्यावर पाटी घेऊन सत्पाळा, राजोडी, पार आमच्या पापडीपर्यंत घरं बांधली होती. म्हणजे त्या घरांनी मासळी तिच्याकडूनच घ्यायची असं ठरून गेलेलं होतं. तिचे गुडघे गेले आणि घरात मुलगी नव्हती, म्हणून पास्कूनं ती घरं सांभाळायला घेतली. लोक हसले. त्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी बुलेट घेतली, मागे दोन टोपल्या बांधल्या आणि फिरू लागला. हसणारे गप्प झाले ते त्याच्या हाळीमुळे. ‘म्हावरंऽऽ’ अशी एकच हाळी, पण रांजणात तोंड घालून दिल्यासारखी, खालच्या सुरातली, संथ. केळीच्या वाडीच्या पार टोकाला रहाटाशी उभ्या असलेल्या बाईला ती ऐकू यायची.

तो आणि त्याची बायको रुजाय एका सकाळी माझ्या शेडसमोर उतरले. त्याच्या गळ्यावर पांढरा रुमाल बांधलेला होता.

“वामनशेट,” रुजाय म्हणाली, “सायलेन्सर पायजे. मोठ्या आवाजाचा.”

मी पास्कूला म्हणालो, “काय रे, या वयात कुणाच्या दारावरून फेऱ्या मारायच्यात?”

तो हसला. तोंड उघडलं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही.

रुजायनं सांगितलं. घशात गाठ झाली होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कापून काढली. जीव राहिला, कंठ गेला. आता तो गळ्याच्या भोकातून श्वास घेत होता आणि त्याचं बोलणं नुसतं ओठांवर दिसायचं. ते वाचता येत होतं फक्त तिला.

“मग भोंगा लावा की गाडीला,” मी म्हणालो.

“लावला. बायका पावाला पैसे घेऊन आल्या. टोपलीत म्हावरं बघून ह्यालाच शिव्या दिल्या.”

“घंटी?”

“घंटीला पोरं आली कुल्फी मागायला. एक तर बोंबील बघून रडाया लागला.”

“तुम्ही मागे बसा आणि ओरडा.”

“आठ दिस ओरडले. बायका घरातनं इचारतात, ही कोन? आनि माझी बाजारातली जागा त्या आठ दिसांत दुसरीनं घेतली, ती भांडून सोडवली. शेट, वाडीतली बाई रस्त्यावर यायला येळ लागतो. भोंगा वाजतो तवा गाडी दारात असते. ती येईपर्यंत हा फुडं गेलेला. लांबनं कलायला पायजे, पास्कू येतोय. आनि दुसरं कोन नाय, पास्कूच.”

मग तिनं खरी अडचण सांगितली. तीन आठवड्यांनी राखेचा बुधवार होता. तिथून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती घरांत उपासाचा काळ; पुष्कळ घरांत मटण बंद, मासळीवरच दिवस. त्या दिवसांत घर ज्याच्याकडून मासळी घेतं, वर्षभर त्याच्याकडूनच घेतं. एक टेम्पोवाला आताच त्या गावांत फिरू लागला होता. “ह्या उपासात पास्कू ऐकू आला नाय, तर सासूनं डोक्यावर वाहून बांधलेली घरं गेली. मग हा काय करनार? गला नाय, दर्यावर जायची ताकद नाय.”

मला वाईट वाटलं. पण धंदा तो धंदा. मी मांडणीवरचा चकचकीत सायलेन्सर दाखवला, फॉरेनचा म्हणून सांगितलं आणि फॉरेनची किंमत सांगितली. पास्कूनं मान आडवी हलवली. मी थोडी उतरवली. त्यानं मान हलवली. लोक घासाघीस करताना बोलतात, आणि बोलणाऱ्या माणसाला मी कुठेतरी पकडतोच. हा बोलतच नव्हता. मी एकटाच बोलत होतो आणि माझ्याच शब्दांनी खाली येत होतो. शेवटी मी भडकलो. क्रोम बघ, अक्षरं बघ, परदेशी माल काय असतो तुम्हाला काय ठाऊक, असं बरंच बोललो.

पास्कूनं सायलेन्सर उचलला, उलटा केला, झाळलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मग तो माझ्या शेडच्या दाराशी गेला, लोखंडी कडीच्या जोडावरून तसाच अंगठा फिरवला. परत येऊन त्यानं माझा उजवा हात धरला, पालथा केला आणि त्यावरचे भाजल्याचे डाग बायकोला दाखवले. ओठ हलले.

रुजाय खो खो हसली. “हा म्हनतो, जाल्याची गाठ बघून ते कोनी विनलं ते आमी सांगतो. झाल पन तशीच. कडीवरची आनि ह्याच्यावरची एकाच हाताची हाय. फॉरेनचा सायब तुमच्यासारखाच भाजलेला दिसतो.”

इतक्या वर्षांत गाडीतलं कळणारे कितीतरी आले होते. कुणाला दिसलं नाही ते जाळी विणणाऱ्या एका मुक्या माणसाला अंगठ्यानं दिसलं. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच मला राग आला.

रुजायनं सौदा एका दमात संपवला. किंमत इथल्या मालाची. पैसे बायका ताटं घेऊन बाहेर आल्यावर. आणि तिसरी अट: “त्याच्यावर नाव घाला. तुमचं. ते इंग्रजी किडे नकोत. उद्या बिघडला तर आमी काय बोटीनं फॉरेनला जानार?”

पहिला प्रयत्न मी घमेंडीत केला. पोरांना द्यायचो तोच नमुना, जरा जास्त मोकळा केलेला, मी पास्कूला लावून दिला. मोठा आवाज मागितला, मोठा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी रुजाय पास्कूला घेऊन आली आणि तिनं माझ्या कामाच्या टेबलावर अर्धी टोपली मासळी ओतली. उन्हानं तिचे डोळे पांढरे झाले होते, मासळीचे.

“हे घ्या तुमचं बिल. राजोडीत बायकांनी दारं लावून घेतली. म्हनतात, टवाळ पोरं आली गाड्या घेऊन. एक म्हातारी काठी घेऊन उभी राहिली.”

“आवाज मोठा मागितलात तुम्ही! बायका भित्र्या असतील तर मी काय करू?”

“भित्र्या नाय शेट, शान्या हायत. त्यांना काय ठावं, त्या फटफटीत त्यांचा पास्कू हाय?”

आम्ही तारस्वरात भांडलो. पास्कू मध्ये उभा राहून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. मग त्यानं झाडू घेतला आणि टेबल साफ केलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि त्याच्या मागे बसून राजोडीला गेलो. एका ओळखीच्या घरामागच्या वाडीत रहाटापाशी जाऊन बसलो आणि पास्कूला रस्त्यानं ये-जा करायला सांगितलं. तिथे मला माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी अक्कल आली. केळीची पानं, कुंपणाची झाडं, विहिरीचा कठडा, सगळे मिळून वरचा कर्कश आवाज खाऊन टाकतात. जो काही उरतो तो नुसता त्रास असतो. खालून, जमिनीलगत सरपटत येतो तो फक्त जाड आवाज. पास्कूची हाळी तशीच यायची. मी आयुष्यभर आवाज वाढवत होतो. इथे तो खाली न्यायचा होता.

पुढचे दहा-बारा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. शेडमागेच भावाची केळीची वाडी होती. तो बाजारात गेला की आम्ही रुजायला वाडीच्या टोकाला बसवायचो, रस्त्याकडे पाठ करून. पास्कू लांबून गाडी घेऊन यायचा. ती निकाल द्यायची. मी विचारलं होतं, बाई, पारख कशी करणार? ती म्हणाली, “ऐकलं की हात आपोआप ताटाकडं गेला पायजे. इचार करावा लागला तर तो पास्कू नाय.”

पहिल्याला म्हणाली, “ट्रक.” दुसऱ्याला म्हणाली, “पानी ओढायचा पंप.” तिसऱ्याला बराच वेळ डोळे मिटून बसली. मी आशेनं बघत होतो. म्हणाली, “हा पन पंपच. पन चांगला पंप.”

मी हातोडा फेकला. बुधवारला पाच दिवस राहिले होते.

वाट सापडली ती पास्कूमुळे. गाडी उभी, इंजिन चालू, मी डोक्याला हात लावून बसलेला. त्यानं ओलं गोणपाट हाताला गुंडाळलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर तळवा धरला. पूर्ण नाही, अर्धा. रांजणाच्या तोंडावर हात धरून आपण आवाज काढतो तसा. धडधड एकदम खाली गेली, गोल झाली. त्यानं तळवा थोडा सरकवला, पुन्हा थोडा. ज्या माणसाचा कंठ गेला होता तो लोखंडाला कंठ कसा असतो ते मला दाखवत होता. मग एका जागी हात थांबवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खडूनं त्या जागी खूण केली.

शेपूट तेवढं अरुंद केलं. पिंप वीतभर लांब केलं. आणि माझा मीच थक्क झालो, कारण पहिल्या दिवशी कापून फेकलेला एक पडदा मला परत बसवावा लागला. मोठ्या आवाजासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला मी शेवटी आवाज कमी करून दिला. शिवाय इंजिनाची उभ्या जागची चाल संथ लावली, इतकी की दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास घेईल.

पास्कू लांबून निघाला. मी वाडीच्या तोंडाशी उभा होतो. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. आत बघतो तर रुजाय उठून चालत येत होती. चेहऱ्यावर काही नाही, रोजच्या कामाला निघाल्यासारखी. माझ्यासमोर येऊन थांबली तेव्हा तिच्या हातात केळीचं एक पान होतं, नुकतं तोडलेलं, ताटासारखं धरलेलं. ते आपण तोडलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ह्योच,” म्हणाली.

इंग्रजी ठसे होते, पण मराठी नव्हते. मी छिन्नीनं कोरलं: ‘वामन, पापडी’. अक्षरं वेडीवाकडी आली. हात थरथरत होता असं रुजाय अजून सांगते. ते खोटं आहे. छिन्नी बोथट होती.

राखेच्या बुधवारी मी राजोडीला जाऊन चहाच्या टपरीवर बसलो. पैसे अडकले होते म्हणून गेलो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. चर्चमधल्या सकाळच्या मिसाहून परतलेल्या बायकांच्या कपाळावर राखेचे क्रूस होते. धडधड ऐकू आली तेव्हा गाडी दिसतही नव्हती. पहिल्या घरातून कुणी आलं नाही. दुसऱ्या घराचं दार किलकिलं झालं. मग वाडीतून एक म्हातारी आली, तीच काठीवाली. कान देऊन उभी राहिली. आत वळून ओरडली, “गो, ताट आन. पास्कू बोलतोय.” गाडी पोचली तेव्हा सात ताटं उभी होती. मी मोजली.

आणि माझं नाव? ते कुणी वाचलं सांगतो. उपास संपायच्या आत एक नवा हवालदार आला. टवाळ पोरांच्या आवाजाच्या तक्रारी वाढल्या होत्या, त्याला दाखवायला कारवाई हवी होती. त्यानं सत्पाळ्याला पास्कूला अडवलं आणि प्रश्न विचारले. पास्कू उत्तर देईना. हवालदाराला तो माज वाटला. त्यानं गाडी जप्त केली, खाली वाकून सायलेन्सर पाहिला, नाव वाचलं आणि पास्कूला तिथेच सोडून, टोपल्यांसकट गाडीवर बसून मला पकडायला पापडीकडे निघाला. वाटेत राजोडी.

तासाभरानं तो माझ्या शेडसमोर उभा राहिला. टोपी तिरकी, विजारीवर मासळीचं पाणी, कोपराला खवले.

“हा सायलेन्सर तू बनवलास?”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “नाही साहेब, फॉरेनचा आहे.”

“फॉरेनमध्ये पापडी कुठे आहे?”

कारागीर म्हणून माझं नाव वाचणारा पहिला माणूस पोलीस निघाला, आणि मी ते नाकारत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ओरडलोच, “हो! मी बनवला. या हातांनी. काय करायचं ते करा.”

तो स्टुलावर बसला आणि पाणी मागितलं. मग बोलायला लागला. राजोडीत शिरल्यावर दर घरातून बाई ताट घेऊन रस्त्यात येत होती. गाडी पुढे जाऊ देईनात. त्याला बघून आधी गोंधळल्या, मग चिडल्या. एका म्हातारीनं त्याच्या छातीला काठी लावून विचारलं, “तू कोन? पास्कू कुठं हाय? त्याच्या गल्यानं तू कशाला बोलतोस?”

“मी म्हटलं, बाई, मी पोलीस आहे. तर म्हणते, मग पैला पापलेटचा भाव सांग. दोघींनी टोपलीतून मासळी उचलली आणि पैसे माझ्या खिशात कोंबले. आता हे पैसे मी सरकारजमा कुठल्या नावानं करू?”

मी त्याला सगळं सांगितलं. गाठ, भोंगा, कुल्फी, केळीचं पान, सगळं. मग तो उठला, गाडीपाशी गेला, नावावरून बोट फिरवलं.

“कायद्यात गाडीच्या आवाजाला कलम आहे,” तो म्हणाला. “माणसाच्या आवाजाला नाही. ही त्याला पोचती कर. आणि हे पैसेही त्याचे.” दारातून मागे वळून म्हणाला, “त्या पोरांच्या गाड्यांनाही तूच आवाज देतोस ना? त्यांना पण असं काहीतरी लाव, ज्यानं कुणी ताट घेऊन बाहेर येईल.”

टोमणा होता. मला तो पदकासारखा लागला. पोरांचं काम मी सोडलं नाही, पोट होतं. पण इंग्रजी अक्षरं ठोकणं मात्र त्यानंतर कमी केलं.

पास्कू पुढे वर्षानुवर्षं फिरला. टेम्पोवाला दुसऱ्या गावांकडे वळला. आमच्याच घरात, दुपारी लांबून धडधड आली की माझी बायको ‘पास्कू आला’ म्हणून ताट घ्यायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ‘तुमचा सायलेन्सर आला’ असं ती एकदाही म्हणाली नाही. मी एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, “सायलेन्सर कशाला? पास्कूच येतो की.” मला ते लागलं. नंतर कधीतरी उमगलं की माझ्या कामाबद्दल याहून चांगलं कुणी बोललेलं नाही. तरी लागतं ते लागतंच.

खारा वारा आणि मासळीचं पाणी पत्र्याला सोडत नाही. एकदा रुजाय एकटीच आली, गोणपाटात गुंडाळलेला सायलेन्सर घेऊन. तिचे केस पांढरे झाले होते. सायलेन्सर खालून चाळणीसारखा सडला होता. मी जिथे कोरलं होतं तेवढा तुकडा धड होता.

“नवा करा. पन आवाज तोच.”

मापं मी जपून ठेवली होती. भावाच्या वाडीत आता अर्ध्या भागात इमारतीचे खांब उभे होते. उरलेल्या केळींच्या मागे रुजाय पाठ करून बसली. पास्कू लांबून आला. यावेळी ती पहिल्याच फेरीला उठली. हातात पान होतं, आणि यावेळी ते तिला ठाऊक होतं. माझ्यासमोर नाचवून हसली.

पास्कूनं गाडी लावली, वाकून नव्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. आयुष्यात प्रथमच ती उभी हलवली.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, “नाव घालायचं का?”

“घाला की,” रुजाय म्हणाली. “नायतर पोलीस कोनाला शोधत येनार?”

मी छिन्नीला धार लावली. यावेळी अक्षरं जरा मोठी कोरली.